भूसुरुंगांचं जनरल रजिस्टर



एक शेत डोळ्यांसमोर आणा. बांधावर ताडाची उंच झाडं, शेजारी भाताची हिरवीगार खाचरं, पलीकडे छोटंसं तळं. पण या एका शेतात मात्र कोणी पाऊल टाकत नाही. नुसतं गवत माजलंय. कडेला एक लाल पाटी ठोकलेली आहे, तिच्यावर पांढरी कवटी. ती म्हणते, "धोका! इथं भूसुरुंग आहेत."

हे दृश्य कंबोडियातलं. तो देश आपल्या पूर्वेला, थायलंडच्या पलीकडे आहे. तिथं जवळजवळ तीस वर्षं लढाया चालल्या. वेगवेगळ्या सैन्यांनी जमिनीत सुरुंग पेरले. १९८० च्या दशकात तर थायलंडच्या सरहदीलगत सुरुंगांचा लांबच लांब पट्टाच तयार झाला. १९९१ मध्ये शांततेचा करार झाला. १९९२-९३ मध्ये थायलंडमधल्या छावण्यांतून साडेतीन लाखांहून जास्त निर्वासित मायदेशी परतले. त्यांना हवी होती घरं, शेतं, पाण्याची वाट. पण करारावर सह्या झाल्या म्हणून जमिनीतला सुरुंग थोडाच झोपी जातो! त्याला सैनिक कळत नाही, शेतकरी कळत नाही आणि गुरांमागे धावणारं पोरही कळत नाही. पाय पडला की तो फुटतो. एकट्या १९९६ साली कंबोडियात सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब यांच्यामुळे ४,३२० माणसं मेली किंवा जखमी झाली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, यंत्र घ्यायचं आणि सुरुंग शोधायचे! पण धातुशोधक यंत्र सुरुंगावर वाजतं तसंच खिळ्यावर आणि डब्याच्या झाकणावरही वाजतं. प्रत्येक आवाजाला गुडघ्यावर बसून, हलक्या हातानं माती उकरावी लागते. अशा तऱ्हेनं एक माणूस दिवसभरात एखाद-दुसऱ्या खोलीएवढीच जागा साफ करतो. मग अख्खा देश कधी तपासून व्हायचा? म्हणून आधी ठरवावं लागतं, शोधायचं कुठं? आणि शेवटी कोणीतरी छातीठोकपणे सांगावं लागतं, "आता इथं नांगर घाला." या दोन्ही प्रश्नांची उत्तरं यंत्र देत नाही. ती देते नीट ठेवलेली नोंद.

ही नोंद ठेवायची कशी, ते आधी ठरवणं म्हणजे माहितीचा आराखडा तयार करणं. चला, वही-पेन्सिल घ्या. आपणच तो काढून बघू.

आधी आपलं जनरल रजिस्टर आठवा

तुमचं नाव शाळेत घातलं, त्या दिवशी जनरल रजिस्टरमध्ये तुम्हाला एक नंबर मिळाला. हजेरीचा नंबर दरवर्षी बदलतो, हा बदलत नाही. तुम्ही शाळा सोडून गेलात तरी तुमचं पान कोणी फाडत नाही. दाखला दिल्याची तारीख तिथं लिहितात, आणि तो नंबर पुन्हा दुसऱ्या मुलाला देत नाहीत. म्हणूनच तीस वर्षांनी आलेल्या माणसालाही त्याची जन्मतारीख सापडते.

सुरुंगांच्या नोंदीचा पहिला नियम हाच. प्रत्येक धोक्याच्या जागेला एकच कायमचा क्रमांक द्यायचा, आणि जागा साफ झाली तरी नोंद पुसायची नाही.

चार तक्ते

पहिला तक्ता गावांचा. गावाचं नुसतं नाव लिहून भागत नाही. आपल्याकडे 'वडगाव' किती आहेत, आठवा बरं! कंबोडियातही 'फूम थमेई' म्हणजे 'नवं गाव' नावाची गावं ठिकठिकाणी आहेत. म्हणून तिथं प्रत्येक गावाला आठ अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक प्रांताचे (बट्टंबंग प्रांताचे ०२), मग दोन जिल्ह्याचे, दोन त्याखालच्या विभागाचे आणि शेवटचे दोन गावाचे. क्रमांक बघितला की गाव नेमकं कुठलं ते कळलंच!

दुसरा तक्ता धोक्याच्या जागांचा. इथं दोन प्रकार वेगळे ठेवायचे. 'संशयित' जागा म्हणजे लोकांना भीती वाटते, पण पक्का पुरावा नाही. 'निश्चित' जागा म्हणजे सुरुंग दिसला, स्फोट झाला किंवा पेरणाऱ्या सैनिकानंच दाखवलं, असा पुरावा आहे. हे सांगितलं कोणी आणि कधी, तेही लिहायचं.

तिसरा तक्ता कामाचा. एका जागेवर अनेकदा काम होतं. आधी गावकऱ्यांशी बोलून पाहणी, मग यंत्रानं किंवा कुत्र्याच्या मदतीनं तपासणी, मग सुरुंग काढणं, शेवटी दुसऱ्याच माणसाकडून फेरतपासणी. म्हणून ही सगळी माहिती जागेच्या ओळीत कोंबायची नाही. प्रत्येक कामाची वेगळी ओळ, आणि त्या ओळीत जागेचा क्रमांक. एका मुलाच्या नावापुढे अनेक परीक्षांचे गुण असतात ना, तसंच.

चौथा तक्ता अपघातांचा, आणि त्याला जोडून जखमींचा. हे दोन वेगळे का? कारण अपघात एक, पण त्यात तिघं सापडलेले असू शकतात. दोन्ही एकाच तक्त्यात ठेवले, तर तीन ओळी बघून कोणीतरी तीन अपघात मोजेल! शिवाय जखमींची नावं, त्यांच्या जखमा ही खासगी माहिती. ती सगळ्यांसाठी उघडी ठेवायची नसते.

आता गंमत बघा. हे चार तक्ते क्रमांकांनी जोडले की ते आपसांत बोलायला लागतात. एखादा अपघात नोंदलेल्या धोक्याच्या जागांच्या बाहेर झाला, तर तक्ते सांगतात, "इथं आपल्याला ठाऊक नसलेला धोका आहे, पाहणीला जा!" आणि साफ केलेल्या जागेत झाला, तर विचारतात, "हे काम कोणी केलं होतं? किती खोलीपर्यंत?" कारण नांगरासाठी पुरेशी असलेली खोली विहीर खणायला पुरेशी नसते.

'झालं' म्हणजे नेमकं काय?

समजा, ५१२ क्रमांकाची दहा हेक्टर जागा संशयित आहे. पाहणीला गेलेल्यांना कळलं की त्यातली सहा हेक्टर जमीन शेतकरी कित्येक वर्षं बिनधास्त नांगरतायत. पुरावा काहीच नाही. मग ती सहा हेक्टर यादीतून 'रद्द' झाली. उरलेल्या चारांपैकी दोन हेक्टरवर यंत्र फिरवून तपासलं, काही मिळालं नाही. ती 'कमी' झाली. शेवटच्या दोन हेक्टरमध्ये इंच इंच शोधून सुरुंग काढले. ती 'साफ' झाली.

सहा अधिक दोन अधिक दोन, दहा हेक्टर मोकळी! पण तिन्ही मोकळ्या होण्यात फरक आहे. रकान्यात तिघांपुढे नुसतं 'झालं' लिहिलं, तर उद्या कोणाला कळेल का, की कुठं माती उकरली आणि कुठं फक्त विचारपूस केली?

आणखी एक गोष्ट लक्षात आली का? दहापैकी फक्त दोन हेक्टर खणावी लागली. २००२ साली पूर्ण झालेल्या पाहणीत कंबोडियातल्या सुमारे ४६ टक्के गावांवर सुरुंगांचं सावट दिसलं होतं, आणि संशयित जमीन होती सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटर. एवढी सगळी खणत बसले असते तर पिढ्या गेल्या असत्या. म्हणून २००९ पासून अधिक बारकाईनं नवी पाहणी सुरू झाली. चांगली माहिती ही अशी फावड्याचे श्रम वाचवते.

रिकामा रकाना

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्जात प्रश्न आहे, 'या जागेत सुरुंग आहेत का?' रकाना रिकामा आहे. मग काय समजायचं?

काय समजणार! रिकामा रकाना म्हणजे 'नाही' असू शकतं, 'माहीत नाही' असू शकतं, किंवा 'विचारायचंच राहिलं' असंही असू शकतं. हजेरीपत्रकात तुमच्या नावापुढची चौकट कोरी राहिली, तर तुम्ही हजर की गैरहजर, हे बाईंनाही सांगता येत नाही. तिथं फार तर चौकशी करावी लागते. इथं मात्र कोऱ्या रकान्याला कोणी 'नाही' समजलं, तर एखाद्या मुलाचा पाय जाईल.

म्हणून चांगल्या आराखड्यात 'आहेत', 'नाहीत', 'माहीत नाही' अशी तीन उत्तरं ठरवून दिलेली असतात आणि त्यातलं एक निवडावंच लागतं. नकाशाचंही तसंच. नकाशावर लाल खूण नाही, म्हणून ती जागा सुरक्षित ठरत नाही. कदाचित तिथं अजून कोणी गेलेलंच नसेल!

एव्हरेस्टसाहेब आणि चारशे मीटर

जागा कुठं आहे हे लिहायला अक्षांश-रेखांश असतात, हे तुम्ही भूगोलात शिकलात. पण त्यातही एक खोडा आहे, आणि त्याचं मूळ थेट आपल्या देशात आहे.

जॉर्ज एव्हरेस्ट हे भारताचे सर्व्हेअर जनरल होते. त्यांचंच नाव पुढे एव्हरेस्ट शिखराला दिलं गेलं. भारतातल्या मोजणीवरून त्यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचं एक गणित मांडलं. त्याच गणिताच्या आधारे पुढे कंबोडियाचे जुने नकाशे तयार झाले. त्या मापनपद्धतीचं नावच 'इंडियन १९६०' आहे! उपग्रहाच्या मदतीनं जागा सांगणारं जीपीएस यंत्र मात्र वेगळंच, नवं गणित वापरतं. त्यामुळे यंत्रावरचे आकडे जसेच्या तसे जुन्या नकाशावर मांडले, तर जागा सुमारे चारशे मीटर सरकते. म्हणजे लाल पाटी एका शेतात आणि सुरुंग दुसऱ्याच शेतात!

उपाय किती सोपा! आकड्यांशेजारी आणखी एक रकाना : 'कुठल्या पद्धतीनं मोजलं?' तारखेचंही तेच. ३/४/१९९९ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च. म्हणून महिना अक्षरांत लिहायचा किंवा सगळ्यांनी एकच रीत पाळायची.

सगळ्यांची एकच भाषा

सुरुंग काढण्याचं काम अनेक संस्था करतात. प्रत्येकीचे अर्ज वेगळे, शब्द वेगळे. एकीची माहिती दुसरीला कळणार कशी? डिसेंबर १९९७ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथं माणसांविरुद्धच्या भूसुरुंगांवर बंदी घालणारा करार झाला. १ मार्च १९९९ पासून तो लागू झाला. (भारत त्यात सहभागी नाही, कंबोडिया आहे.) आपल्या हद्दीत सुरुंग कुठं आहेत आणि किती काढले, हे त्या करारातल्या देशांना दरवर्षी कळवावं लागतं. मग तर एकसारख्या नोंदींची फारच गरज भासली.

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा इथं १९९८ मध्ये भूसुरुंगांच्या कामासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र निघालं. त्या केंद्रासाठी झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या मंडळींनी संगणकावरची एक माहितीव्यवस्था घडवली. तिचं नाव 'इम्स्मा'. १९९९ मध्ये युरोपातल्या कोसोव्होत ती पहिल्यांदा वापरली गेली. पुढे चाळीसहून जास्त देशांनी ती घेतली, कंबोडियानंही. तिच्या पोटात काय आहे? आपण वहीत काढले तसेच जागेचे, कामाचे, अपघाताचे आणि जखमींचे तक्ते, आणि त्यांना जोडणारे क्रमांक!

१९९६ साली ४,३२० असलेला तो आकडा अलीकडच्या वर्षांत शंभराच्या आत आला आहे. त्याचं श्रेय उन्हात गुडघ्यावर बसून माती उकरणाऱ्यांचं, वासावरून सुरुंग शोधणाऱ्या कुत्र्यांचं आणि उंदरांचं, गावोगाव मुलांना समजावणाऱ्या शिक्षकांचं. आणि हो, न कंटाळता प्रत्येक रकाना भरणाऱ्या माणसाचंसुद्धा!

करून पाहा

आपल्या गावातल्या किंवा वस्तीतल्या धोक्याच्या जागांची यादी करा. उघडी विहीर, लोंबणारी वीजतार, कठडा नसलेला पूल. पण जवळ जाऊ नका हं, लांबूनच बघा आणि मोठ्यांना विचारा. प्रत्येक जागेला क्रमांक द्या. कोणी सांगितलं, कधी, नक्की की संशय, दुरुस्ती झाली का, कोणी केली, हे रकाने आखा. एकही रकाना कोरा ठेवू नका. माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' लिहा, त्यात लाज कसली! आणि पालकांनो, ती वही एकदा तुम्हीही वाचा. एखाद्या ओळीचं काम तुमच्याच हातचं असेल.

कंबोडियातल्या त्या शेताचा सुरुंग एक दिवस निघेल. पाटी उपटली जाईल, भात डोलायला लागेल. पण नोंदवहीतलं त्याचं पान तसंच राहील, क्रमांकासकट. कारण त्या बांधावरून शाळेत जाणाऱ्या मुलीनं कधी विचारलं, "इथं नक्की काही नाही ना?", तर तिला उत्तर देता आलं पाहिजे.