'डॉट कॉम' घ्यावे की 'डॉट इन'?

संकेतस्थळ काढायचे ठरले की नाव काय ठेवावे यावर बराच खल होतो. नावापुढचे 'डॉट कॉम', 'डॉट इन' हे शेपूट मात्र बहुधा विकणाऱ्याच्या सल्ल्यावर सोडले जाते. वास्तविक आपले नाव कोणाच्या अखत्यारीत राहणार, हे या शेपटावरच ठरते.

'डॉट कॉम' १९८५ पासून प्रचलित असून लोकांच्या जिभेवर बसले आहे. नुसते नाव ऐकलेला ग्राहक सवयीने तेच टंकतो. अडचण एवढीच, की सुटसुटीत नावे केव्हाच संपली आहेत. 'डॉट इन'ची नोंदणी २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. 'निक्सी' ही संस्था तिची व्यवस्था पाहते. शोधयंत्रे देशाच्या शेपटावरून संकेतस्थळ कोणत्या देशासाठी आहे, याचा अंदाज बांधतात. त्यामुळे गिऱ्हाईक भारतातच असेल तर 'डॉट इन' सोयीचे; माल परदेशी पाठवणाऱ्याने मात्र विचार करावा. शक्य असल्यास दोन्ही घेऊन ठेवणे उत्तम.

'डॉट ऑर्ग' म्हणजे सेवाभावी संस्था, हा समज चुकीचा आहे. ते कोणालाही मिळते. पडताळणी होते ती 'डॉट गव्ह डॉट इन'सारख्या राखीव नावांची. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना 'डॉट बँक डॉट इन'कडे वळण्यास सांगितले, ते बनावट संकेतस्थळांना आळा घालण्यासाठीच.

'डॉट टीव्ही', 'डॉट एआय' ही फॅशनेबल शेपटे अनुक्रमे तुवालू आणि अँग्विला या बेटांची आहेत, हे घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते कोण जाणे! देशाच्या शेपटाचे भवितव्य देशाशी बांधलेले असते. युगोस्लाव्हिया इतिहासजमा झाल्यावर त्याचे 'डॉट वाययू'ही २०१० मध्ये बंद झाले आणि ते वापरणाऱ्यांना पत्ता बदलावा लागला.

देवनागरीतील 'डॉट भारत' २०१४ पासून उपलब्ध आहे. मराठी वाचकांसाठी ते जरूर घ्यावे. परंतु त्यावरचा ई-मेल पत्ता सर्वत्र स्वीकारला जातोच असे नाही, म्हणून जोडीला रोमन लिपीतील नाव असू द्यावे.

शेपूट कोणतेही निवडा, नोंदणी स्वतःच्या नावे करा, संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नव्हे. 'डॉट कॉम' व 'डॉट इन' एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येते. नूतनीकरण चुकले, तर पाट्यांवर, पिशव्यांवर छापलेले तेच नाव उद्या दुसरा कोणीही उचलू शकतो.