भित्तिपत्रकाने नेमके काय सांगावे?

आरोग्य दिन जवळ आला की शाळाशाळांतून भित्तिपत्रके रंगू लागतात. ‘स्वच्छता पाळा, रोगराई टाळा’ हे वाक्य त्यांत हमखास असते. पण ते वाचणाऱ्याने घरी जाऊन काय करायचे? याचे उत्तर नसेल तर भित्तिपत्रक म्हणजे नुसती सजावट.

नारूचे उदाहरण पाहू. एके काळी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा रोग होता. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या पायावरच्या फोडातून नारूची मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडी. सायक्लॉप्स हे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे जलचर त्या अळ्या खात. ते पाणी कोणी न गाळता प्यायले, की सुमारे वर्षभराने दोन-तीन फूट लांबीची मादी त्याच्या अंगातून बाहेर पडे. यावर लस नव्हती, गुणकारी औषधही नव्हते. मात्र साखळी तोडण्याच्या जागा ठाऊक होत्या: फोड आलेल्याने पाण्यात उतरू नये आणि पाणी दाट कापडातून गाळून प्यावे. दोन्ही गोष्टी चित्रात दाखवता येण्याजोग्या. १९८३-८४ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात विहिरींची सुधारणा आणि पाण्यावरील औषधप्रक्रिया यांच्या जोडीने लोकशिक्षणही झाले. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला.

चित्र काढताना एक खबरदारी घ्यावी. सायक्लॉप्स विंचवाएवढा काढला, तर ‘एवढा किडा आमच्या विहिरीत नाही’ असे पाहणाऱ्याला वाटू शकते. म्हणून मोठ्या चित्राशेजारी त्याचा खरा आकारही दाखवावा.

आता डेंग्यूकडे वळू. वैजापूरसारख्या टंचाईच्या तालुक्यात ‘पाणी साठवू नका’ असे लिहून काय उपयोग? नळाला रोज पाणी नसेल तर ते साठवावेच लागते. एडिस डासाची मादी रांजण-टाकीच्या आतल्या कडेला, पाण्याच्या पातळीलगत अंडी चिकटवते. ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा. त्या दिवशी नुसते पाणी ओतून भागत नाही, आतली कडही घासावी लागते. मग भित्तिपत्रकात काय हवे? कड घासणारा हात आणि घट्ट झाकण!

मुलांनी केलेले चित्र अक्षरे झाकून शेजारच्या आजींना दाखवायला सांगा. ‘यात काय करायला सांगितलंय?’ एवढेच विचारायचे. त्यांना ते सांगता आले नाही, तर चित्र बदलावे. आजींना पुन्हा शिकवू नये.