कोल्हापुरात खोली शोधताना: भाड्याच्या आकड्यापलीकडचा हिशोब

आजच्या भागाचं हे लिखित रूप. एसटीत बसून ऐकताना मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी खास.

विषय साधा आहे. गगनबावड्याकडून शिकायला किंवा नोकरीला कोल्हापुरात यायचंय आणि गावात, म्हणजे मध्यवस्तीत, परवडणारी खोली पाहिजे. मी मूळचा गगनबावड्याचा. बारावीनंतर याच रस्त्यानं आलो आणि आजवर चार खोल्या बदलल्या. त्यामुळं "भावा, स्वस्तात एखादी रूम बघ की" असा मेसेज आठवड्याला एक तरी येतोच. मी उलट विचारतो, स्वस्त म्हणजे काय? बोर्डावर लिहिलेलं भाडं हा एकच आकडा झाला. जाण्यायेण्याचा खर्च, लाईट बिल, अडकलेलं डिपॉझिट आणि पावसाळा हे सगळं धरून वर्षाचा हिशोब मांडला, की बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त दिसणारी खोली सगळ्यात महाग निघते.

आधी ठरवा, खोली लागणार आहे का?

गगनबावडा ते कोल्हापूर साधारण ५५ किलोमीटर. एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. कळे किंवा त्याच्या अलीकडचं गाव असेल तर अप-डाऊनचा हिशोब नक्की करून बघा, खोलीपेक्षा तो परवडू शकतो.

साळवणच्या पुढं गणित बदलतं. रोजचा वेळ तर जातोच, शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये मांडुकली, किरवे, लोंघे इथं रस्त्यावर पाणी आलं की गाडी बंद. आपल्याला घरी बसायची सवय आहे, पण कंपनीतल्या सुपरवायझरला किंवा परीक्षेच्या वेळापत्रकाला ती नसते. अशांनी खोली घ्यावी, आणि शक्यतो पावसाळा सुरू व्हायच्या आधी.

वसतिगृहाचा अर्ज आधी

खेड्यातल्या पोरानं शहरात राहायचं कुठं, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं ते याच प्रश्नामुळं. शाळा-कॉलेज शहरात असून भागत नाही, राहायला जागा नसेल तर गरिबाचं पोर तिथवर पोचतच नाही. पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशा अनेक समाजांची बोर्डिंग उभी राहिली. दसरा चौकात गेलात तर त्यातल्या काही इमारती आजही दिसतील.

म्हणून विद्यार्थ्यांनो, खोली शोधायच्या आधी सरकारी आणि संस्थांच्या वसतिगृहांचे अर्ज भरा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. इतर मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अटी आणि रक्कम त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. भाड्याच्या खोलीत राहून असा भत्ता मागायचा तर तसा पुरावा जोडावा लागतो. कराराचा कागद तिथंही उपयोगी पडतो. करारावर पुढं येतोच.

मध्यवस्ती नक्की कुणाच्या सोयीची?

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी. खोली म्हटलं की हीच नावं पहिली डोळ्यासमोर येतात. बाजार जवळ, खानावळी जवळ, रंकाळा स्टँड चालत. पण अंबाबाईच्या मंदिराच्या आसपास ज्याच्याकडं जादा खोली आहे, त्याला भाविकांना दिवसाच्या भाड्यानं देण्याचाही पर्याय असतो. त्यामुळं महिन्याच्या भाड्यानं राहणाऱ्याला तिथं घासाघीस करायला फारशी जागा उरत नाही.

दुसरं म्हणजे तुमचं रोजचं ठिकाण. विद्यापीठ शहराच्या पूर्व अंगाला. गोकुळ शिरगाव आणि शिरोली या एमआयडीसी शहराबाहेर. गोकुळ शिरगावला नोकरी आणि शिवाजी पेठेत खोली असेल, तर भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात. अशांनी उचगाव, राजेंद्रनगर बघावं. ज्यांना शनिवारी घर गाठायचंय आणि काम शहराच्या पश्चिम भागात आहे, त्यांना फुलेवाडी सोयीची. गगनबावड्याची गाडी तिथूनच जाते.

एकट्याला अख्खा फ्लॅट झेपत नसेल तर कॉट बेसिसवर बघा, किंवा तिघं-चौघं मिळून वन बीएचके घ्या. मात्र करारात सगळ्यांची नावं घाला. एकाच्याच नावावर करार असला आणि तो मध्येच नोकरी बदलून पुण्याला गेला, तर बाकीच्यांच्या हातात काहीच राहत नाही.

आपलाच पाऊस आपल्या खोलीत

हा मुद्दा आपल्या लोकांना जास्त कळायला पाहिजे. आपल्याकडं पडलेला पाऊस कुंभीत जातो आणि कुंभी पुढं पंचगंगेला मिळते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैमध्ये ते ५६ फुटांच्याही वर गेलं.

पाणी चढलं की दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यातली कुटुंबं पहिल्यांदा हलवावी लागतात. मोठ्या पुरात शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, रमणमळा, दुधाळी हे भागही पाण्यात जातात. यातली काही ठिकाणं अगदी मोक्याची आहेत. तिथं तळमजल्यावरची खोली स्वस्त मिळाली, तर ती का स्वस्त आहे याचं उत्तर भिंतीवर बघा. ओलीचा पट्टा दिसतो का? पोपडे एकाच उंचीपर्यंत आलेत का?

मालकाला विचाराच, पण समोरच्या किराणा दुकानदारालाही विचारा, "एकोणीसला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" दुकानदार थेट हात वर करून उंची दाखवेल. जलसंपदा विभागाच्या पूररेषाही असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपण मात्र दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर बघितलेत. त्यामुळं अशा भागात खोली घ्यायचीच असेल तर वरचा मजला घ्या, आणि घर राहण्याजोगं नसेल त्या दिवसांचं भाडं लागणार नाही हे करारात लिहून घ्या.

लाईट बिल आणि डिपॉझिट

विचारा, खोलीला महावितरणचा स्वतंत्र मीटर आहे का? वीज दर टप्प्याटप्प्यानं वाढतो, १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून जास्त. चार खोल्या एकाच मीटरवर असतील तर सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन बिल वरच्या टप्प्यात जातं. तुम्ही एक पंखा आणि एक चार्जर वापरून वरचा दर भरता. सबमीटर असेल तर दर काय लावणार ते आधीच ठरवा, आणि राहायला जायच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा. घरफाळा मालकाचाच, पाणीपट्टी कोण भरणार तेही विचारून घ्या.

डिपॉझिटबद्दल केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढी मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडं भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा चालतो, त्यामुळं मालकाला ती मर्यादा बंधनकारक नाही. तरी बोलणी करताना हा आकडा सांगायला काय हरकत आहे? डिपॉझिट रोख दिलं तर त्याचा माग राहत नाही. बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. भिंती, नळ, खिडक्या, फरशी यांचा व्हिडिओ पहिल्याच दिवशी काढून मालकाला पाठवा. सोडताना "हे तू फोडलंस" म्हटलं, तर तारखेसह उत्तर तुमच्याकडं तयार असतं.

आणखी एक. फोटो भारी, भाडं निम्मं, मालक "बदली झाली, बाहेर आहे" म्हणतो आणि खोली न दाखवताच टोकन मागतो. पैसे परत देण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो. लक्षात ठेवा, क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. कुलूप उघडून आत पाय ठेवल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

करार: नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

"अकराच महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?" हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वाद झाला तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

खर्च किती? समजा भाडं ६,००० रुपये, डिपॉझिट २०,००० आणि मुदत ११ महिने. भाडं झालं ६६,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात, ते साधारण १,८३३. या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे १७० रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. तिघं राहणार असाल तर माणशी चारशेच्या आसपास. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवरून हे ऑनलाइन होतं. घरी मशीन आणून अंगठा घेणाऱ्याची फी वेगळी.

दुसरी बाजूही सांगतो. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे मुदतीपुरती वापरायची परवानगी. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ नुसार भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. म्हणून मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचं बोलून घ्या. नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, या दोन ओळी करारात आहेत का ते सही करायच्या आधी वाचा.

नोंदणी म्हटल्यावर मालक कुरकुरला, तर शांतपणे सांगा, "काका, फी आम्ही भरतो, कागद तुमच्याही फायद्याचा आहे." मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला त्यांनाही हाच कागद लागतो. एवढ्यावरही नको म्हणाले, तर डिपॉझिट परत मागायच्या दिवशी ते कसे वागतील याचा अंदाज तुम्हाला आजच आला. दुसरी खोली बघा.

पुढच्या भागात खानावळ आणि स्वतःचा गॅस यांचा हिशोब मांडूया. तोवर खोली बघायला जाणार असाल तर दुपारी एकदा जा, रात्री एकदा जा. नळाला पाणी किती वाजता येतं तेही विचारा. भेटू.