पलीकडच्याला बोलू द्या

टेबलाभोवती आठ माणसं, भिंतीवरच्या स्क्रीनवर चार. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत हे चित्र रोजचं आहे. तासाभराच्या चर्चेत ती चौघं सुरुवातीला 'आवाज येतोय का?' विचारतात आणि शेवटी 'बाय' म्हणतात. मग साहेबांना वाटतं, यांचं लक्ष नाही, आणि 'सर्वांनी कॅमेरे चालू ठेवावेत' असा मेल निघतो. खरं तर लक्ष असूनही त्यांना मध्ये शिरायला फट मिळत नाही, आणि तिचं माप मिलिसेकंदांत काढता येतं.

तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाचा प्रश्न संपल्यावर दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, असं त्यात दिसलं. जपानी सगळ्यांत झटपट, डॅनिश सगळ्यांत सावकाश. पण फरक थोडाच.

आता पुणे आणि सॅन फ्रान्सिस्को घ्या. अंतर सरळ मोजलं तरी १३ हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे नुसतं एका बाजूने पोहोचायला ६५ मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस. पण इतका 'चांगला' कॉलही जायला १५० आणि यायला १५० घेतो. पलीकडच्याने क्षणात तोंड उघडलं तरी त्याचा शब्द खोलीत ३०० मिलिसेकंदांनी उमटणार. तोवर टेबलावरच्या कुणीतरी वाक्य सुरू केलेलं असतं. साताऱ्याच्या घरून बोलणाऱ्याला अंतर नडत नाही, पण आवाज दाबून पाठवण्यात आणि उलगडण्यात वेळ जातोच.

म्हणून बोलण्याची संधी वाटून द्यावी लागते. 'कुणाला काही विचारायचंय?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. नाव घेऊन विचारा, आणि आधी स्क्रीनवरच्यांना. हे काम मीटिंग चालवणाऱ्याकडे न ठेवता खोलीतल्या दुसऱ्या एकाकडे दिलेलं बरं. चालवणारा आपल्याच स्लाइडमध्ये बुडालेला असतो.

दुसरा घोळ माइकचा. खोलीत बसलेल्याला दोन कानांमुळे कुठला आवाज कुठून आला ते कळतं, आणि एसीची घरघर वगळून तो नेमकं बोलणं टिपतो. टेबलाच्या मधोमध ठेवलेला साधा माइक घरघर, खुर्चीची करकर आणि तिघांचं बोलणं एकत्र कालवून पाठवतो. दहा मिनिटांत ऐकणारा थकतो. पैसे खर्च करायचेच असतील तर मोठ्या स्क्रीनआधी माइकवर करावेत. पूर्णपणे दूरस्थ चालणाऱ्या गिटलॅबची रीत याहून सोपी: एक जण जरी बाहेरून जोडलेला असेल, तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून बसायचं. फक्त हेडफोन लावून, वेगवेगळ्या जागी. नाहीतर एकाच खोलीतले माइक-स्पीकर किंचाळू लागतात.

कॅमेऱ्याची सक्ती मात्र मला पटत नाही. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडली. अगदी जवळून रोखलेल्या नजरा आणि सतत समोर दिसणारा स्वतःचा चेहरा ही त्यांपैकी दोन. स्वतःची चौकट लपवण्याची सोय झूमवर आहे, ती वापरावी.

काही वेळा तर बोलण्याआधी वाचणंच बरं. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकींतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. सहा पानांपर्यंतचं टिपण सगळ्यांनी मुकाट्याने वाचायचं, मग चर्चा. वाचताना पुण्याचा आणि सिॲटलचा माणूस एकाच रांगेत असतो.

राहिलं घड्याळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासभर मागे जातात. कॅलिफोर्नियाची सकाळची साडेआठची मीटिंग आपल्याकडे रात्री नऊची दहावर सरकते, बहुधा दिवाळीच्या आगेमागेच. त्यांनी घड्याळ फिरवलं की आपलं जेवण पुढे ढकलायचं, असा काही करार नसतो. मार्चपर्यंत महिन्याआड त्यांनी आपल्या सकाळच्या वेळेला, म्हणजे त्यांच्या रात्री बसावं, असं लेखी सुचवायला हरकत नाही.