विश्लेषण : यूएसबी उपकरण अडकले, तर केबल न काढता ‘रिसेट’ कसे करतात?

सेतू केंद्रात अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र ऐन गर्दीत प्रतिसाद देईनासे होते. दुकानातला बिलाचा प्रिंटर अर्ध्यावर थांबतो. वेबकॅम नुसता काळा पडदा दाखवतो. अशा वेळी उपाय ठरलेला असतो : केबल काढा आणि पुन्हा लावा. पण संगणक कुलूपबंद खोलीत किंवा दुसऱ्या गावात असेल, तर हात पोहोचणार कसा? त्यासाठी कमांड लाइनवरून उपकरण रिसेट करण्याची सोय आहे. ती काय करते, काय करत नाही आणि धोका कुठे आहे, याविषयी...

उपकरण ‘अडकते’ म्हणजे काय?

यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये आले. ते घडवणाऱ्या इंटेलमधील चमूत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. या रचनेत सूत्रे मुळात संगणकाच्या हाती असतात. तो विचारतो आणि उपकरण उत्तर देते. प्रत्येक उपकरणात एक छोटा प्रोसेसर आणि त्याला चालवणारे फर्मवेअर असते. फर्मवेअर गोंधळले, वीजबचतीसाठी झोपवलेले उपकरण नीट जागे झाले नाही किंवा केबल सैल असली, की उत्तर येणे थांबते. बाहेरून दिवा लागलेला दिसतो, पण संवाद तुटलेला असतो.

रिसेट केल्यावर नेमके काय होते?

नेहमीच्या यूएसबी २.० जोडणीत डेटाच्या दोन तारा असतात. रिसेटच्या वेळी त्या दोन्ही किमान १० मिलिसेकंद शून्य पातळीवर धरल्या जातात. या इशाऱ्याने उपकरण आपला पत्ता विसरते आणि ‘शून्य’ क्रमांकावर येते. मग संगणक त्याची नव्याने ओळख करून घेतो : कंपनी कोणती, प्रकार कोणता, वीज किती लागणार? याच प्रक्रियेत त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता मिळतो.

यात लक्षात ठेवण्याची बाब म्हणजे वीजपुरवठा बंद होत नाही. केबल काढल्यावर वीजही तुटते, रिसेटमध्ये फक्त ओळख नव्याने होते. त्यामुळे रिसेट हा केबल काढण्याचा सौम्य पर्याय आहे, तंतोतंत पर्याय नव्हे.

लिनक्सवर कोणत्या कमांड वापरतात?

(कमांड रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप कराव्या लागतात. येथे उच्चार दिले आहेत.)

पहिली पायरी उपकरण ओळखण्याची. ‘एलएसयूएसबी’ ही कमांड जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी दाखवते. प्रत्येक ओळीत बस क्रमांक, उपकरण क्रमांक आणि विसर्गचिन्हाने जोडलेले दोन संकेतांक असतात. त्यांपैकी पहिला कंपनीचा आणि दुसरा उत्पादनाचा असतो.

दुसरी पायरी प्रत्यक्ष रिसेटची. ‘यूएसबीयूटिल्स’ या संचाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘यूएसबीरिसेट’ हे साधन मिळते. ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, त्याला तो जोड-संकेतांक दिला की काम होते. एकाच कंपनीची दोन सारखी उपकरणे जोडलेली असतील, तर दोघांचा संकेतांक एकच असतो. तेव्हा बस आणि उपकरण क्रमांक देणे सुरक्षित.

एवढ्याने भागले नाही, तर ड्रायव्हर सोडवून पुन्हा जोडता येतो. त्यासाठी ‘सिस’ या फोल्डरमधील यूएसबी ड्रायव्हरच्या ‘अनबाइंड’ आणि ‘बाइंड’ या दोन फाइल असतात. त्यांत उपकरणाचे ठिकाण लिहायचे. उदाहरणार्थ, ‘१-४’ म्हणजे पहिल्या बसवरील चौथे पोर्ट. मध्ये हब असेल, तर हेच ‘१-४.२’ असे होते.

विंडोजवर काय सोय आहे?

विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून ‘पीएनपीयूटिल’ या साधनात ‘रीस्टार्ट-डिव्हाइस’ हा पर्याय आहे. आधी ‘एन्यूम-डिव्हायसेस’ने यादी काढायची, त्यातला उपकरणाचा ‘इन्स्टन्स आयडी’ उचलायचा आणि तो या पर्यायाला द्यायचा. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडणे आवश्यक आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरण ‘डिसेबल’ करून पुन्हा ‘एनेबल’ करतात, त्यासारखेच हे काम आहे.

धोका कुठे?

सर्वात मोठा धोका साठवणुकीच्या उपकरणांना. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर लेखन सुरू असताना ‘अनबाइंड’ करणे म्हणजे ती न सांगता उपसून काढणे. फाइल अर्धवट राहू शकते, फाइलप्रणालीही बिघडू शकते. म्हणून आधी ‘यूमाउंट’ ही कमांड द्यावी. तिच्या स्पेलिंगमध्ये ‘यू’नंतर ‘एन’ नसतो, हे अनेकांना अडखळवते.

दुसरा धोका दूरवरून काम करणाऱ्यांना. हब सोडवला, तर त्याला जोडलेली सर्व उपकरणे एकदम तुटतात. रास्पबेरी पाय ३ वर तर नेटवर्कचे पोर्टही आतल्या यूएसबी हबमधूनच जाते. तो हब ‘अनबाइंड’ केला, की आपली जोडणी तुटते आणि ‘बाइंड’ लिहायला कोणी उरत नाही. म्हणून दूरच्या यंत्रावर दोन्ही कमांड, मध्ये काही सेकंदांचा विराम ठेवून, यंत्रावरच चालणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये घालतात. जोडणी तुटली तरी स्क्रिप्ट थांबणार नाही, अशा रीतीने ती पार्श्वभूमीवर सुरू करावी लागते.

रिसेटनेही काम झाले नाही तर?

फर्मवेअर पूर्ण गोठले असेल, तर वीज तोडावीच लागते. ‘यूहबसीटीएल’ हे साधन हबच्या एकेका पोर्टची वीज बंद-चालू करू शकते, पण त्यासाठी हबमध्ये तशी सोय हवी. अनेक स्वस्त हबमध्ये ती नसते. काही हब पोर्ट बंद झाल्याचे सांगतात, प्रत्यक्षात वीज सुरूच ठेवतात. जोडलेल्या उपकरणाचा दिवा विझतो का, हे दूरच्या ठिकाणी हब बसवण्यापूर्वीच तपासलेले बरे.

उपकरण वारंवार अडकत असेल, तर रोज रिसेट करणे हा इलाज नव्हे. लिनक्सवर ‘डीमेसेज’ची नोंद पाहावी. तिचे स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी असे आहे. तिथे उणे ७१ किंवा उणे ११० अशा त्रुटी पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर पहिला संशय केबल, पोर्ट किंवा अपुऱ्या विजेवर घ्यावा. नोंद स्वच्छ असूनही काही वेळ काम नसल्यावरच उपकरण गप्प होत असेल, तर त्याची वीजबचत बंद करून पाहावी.