ओदाम: पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवणारी भाषा

मेक्सिकोच्या दुरांगो राज्यात, पश्चिम सिएरा माद्रेच्या डोंगरदऱ्यांत सांता मारिया दे ओकोतान हे गाव आहे. जग इथल्या लोकांना तेपेहुआन म्हणतं. ते स्वतःला आणि आपल्या भाषेला ‘ओदाम’ म्हणतात. उत्तरेला, चिहुआहुआ राज्यात, त्यांचे भाऊबंद ‘ओदामी’. 2020च्या जनगणनेत दक्षिणेकडच्या बोली बोलणारे सुमारे 36 हजार आणि उत्तरेकडचे 10 हजारांच्या आसपास भरले.

ओदाम वाक्य बहुधा क्रियापदाने सुरू होतं. पण मला या भाषेची खरी ओढ लागली ती ‘साप’ आणि ‘साक’ या दोन चिमुकल्या शब्दांमुळे. आपण “तिकडे पाऊस झाला म्हणे” असं बोलतो, तसं ऐकीव गोष्टीला ओदाममध्ये ‘साप’ लागतं. मात्र ती गोष्ट समोरच्यालाही ठाऊक असेल, तर ‘साक’. म्हणजे आपल्याला कुठून कळलं एवढ्यावर भागत नाही, ऐकणाऱ्याला काय माहीत आहे याचंही भान ठेवावं लागतं. केवढी ही सभ्यता! या भाषेचं व्याकरण 1991 साली प्रसिद्ध करणारे टॉमस विलेट यांनी त्याआधी, 1988 मध्ये, जगभरच्या भाषांतली अशी रूपं तपासणारा लेख लिहिला. अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात.

ओदाम लोक नव्या मक्याची कणसं ‘शिओताल’ हा विधी झाल्याशिवाय खात नाहीत. रात्रभर आगीभोवती नाच चालतो. धनुष्य मोठ्या तुंब्यावर टेकवायचं आणि त्याच्या दोरीवर दोन काड्यांनी ताल धरायचा, एवढंच वाद्य.

नोव्हेंबर 1616 मध्ये तेपेहुआनांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. त्यात आठ जेझुइट धर्मोपदेशक मारले गेले आणि लढाई काही वर्षं धुमसत राहिली. ती हकिकत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः जेझुइटांच्याच लेखणीतून. 1743 साली बेनितो रिनाल्दिनी यांनी छापलेलं तेपेहुआन व्याकरणही धर्मोपदेशकांसाठीच होतं. पापांची कबुली कशी घ्यायची, हेसुद्धा त्यात आहे.

2003च्या कायद्याने मेक्सिकोतल्या आदिवासी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला आणि खटल्यात दुभाष्या मिळण्याचा हक्कही. साक्ष स्पॅनिशमध्ये नेताना ‘साप’ गळून पडला, तर ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखतची ठरू शकते. त्यामुळे कोर्टातला दुभाष्या नुसता स्पॅनिशमध्ये तरबेज असून चालणार नाही, ओदाम त्याच्या घरची भाषा असायला हवी.