गावाचे दात राखणारे शास्त्र

फाजील काटकसर करणाऱ्याला आपल्याकडे 'दात कोरून पोट भरत नाही' असे ऐकवतात. घरातील मुलीने बारावीनंतर दंतवैद्यक शिकण्याचा विचार बोलून दाखविला की वडीलधाऱ्यांना ही म्हण हटकून आठवते. त्यातून ती जर म्हणाली, "मला दवाखाना थाटावयाचा नाही, गावोगाव हिंडून लोकांचे दात मोजावयाचे आहेत," तर मग विचारावयासच नको! आज आम्ही ज्या विद्येची ओळख करून देणार आहोत, ती अशी हिंडणारी विद्या आहे. पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री, म्हणजे दातांचे सार्वजनिक आरोग्यशास्त्र, हे तिचे नाव. ती काय आहे, तिने काय साधले आणि ती शिकून पोट भरते काय, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करू.

दंतवैद्यापुढे खुर्चीत एक मनुष्य बसलेला असतो. त्याचा दात का दुखतो आणि त्यावर उपाय काय, एवढे वैद्याने पाहिले की झाले. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकापुढे मात्र सबंध गाव बसलेले असते. दात कोणाचे किडतात व कोणाचे किडत नाहीत? या वस्तीत किडतात, तर पलीकडच्या वस्तीत का नाही? हे त्याचे प्रश्न. ते वरवर साधे दिसतात. पण त्यांतून केवढे शोध लागतात, याचे एक उदाहरण पाहू.

१९०१ साली फ्रेडरिक मके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला. तेथे जन्मलेल्या बहुतेकांच्या दातांवर तपकिरी डाग असलेले त्याला आढळले. बाहेरून मोठेपणी आलेल्यांचे दात मात्र स्वच्छ होते. आणखी नवल म्हणजे हे डागाळलेले दात सहसा किडत नसत. पुढे आयडाहो राज्यातील ओकली गावच्या आयांनी त्याला सांगितले की, दूरच्या एका उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग पडू लागले. मकेने ते पाणी सोडावयास सांगितले. गावाने ऐकले आणि काही वर्षांनी लहान मुलांचे दात डागाविना येऊ लागले. पाण्यात काहीतरी आहे, हे आता उघड झाले. पण ते काय, हे १९३१ साली कळले. ॲल्युमिनियम कंपनीतील रसायनज्ञ चर्चिल याने पृथक्करण करून दाखविले की तो पदार्थ म्हणजे फ्लोराइड.

त्यानंतर ट्रेंडली डीन या सरकारी दंतवैद्याने गावोगावचे पाणी आणि मुलांचे दात पडताळून पाहिले. एक लिटर पाण्यात सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असले तर बहुतेकांच्या दातांना नजरेत भरणारे डाग पडत नाहीत, पण कीड मात्र कमी होते, असा हिशेब त्याने मांडला. १९४५ च्या जानेवारीत मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने जगात प्रथम आपल्या नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घातले. अकरा वर्षांनी पाहिले तो त्यानंतर जन्मलेल्या मुलांतील कीड साठ टक्क्यांहून अधिक घटली होती. पुढे फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघर पोचल्यावर पाण्यातील फ्लोराइडचा वेगळा लाभ पूर्वीइतका मोठा राहिला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मग आपणही पाण्यात फ्लोराइड घालावे काय? येथेच या शास्त्राची खरी शिकवण आहे. १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यातून अशी माहिती प्रसिद्ध झाली की, तेथे पाण्यातील अति फ्लोराइडमुळे माणसांची हाडे व सांधे ताठून जातात. आपल्याकडे यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलातही ते प्रमाणाबाहेर आहे. तेथे फ्लोराइड घालावयाचे नसून काढावयाचे आहे. तुरटी व चुना वापरून ते काढण्याची 'नालगोंडा पद्धत' नागपूरच्या नीरी या संस्थेनेच शोधली. तात्पर्य, जो पदार्थ एका गावाला औषध, तोच दुसऱ्याला विष! गाव मोजल्याखेरीज उपाय सांगता येत नाही.

आता आपल्या माजघरातील एका डबीकडे वळू. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली मिश्री आपल्याकडे कित्येक स्त्रिया दात घासण्यासाठी म्हणून वापरतात, आणि पुढे दिवसातून चार वेळा लावल्यावाचून त्यांना राहवत नाही. कित्येक घरी आईची डबी पाहून मुलगीही बोट बुडवू लागते. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी खेड्यांत जाऊन लोकांची तोंडे तपासू लागले. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचा त्यांचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. रोगी इस्पितळात येण्याची वाट न पाहता, रोग होण्यापूर्वीचे चट्टे त्यांनी गावातच शोधले. याच परंपरेत केरळ, आंध्र व गुजरातमधील छत्तीस हजार तंबाखूसेवकांना वर्षानुवर्षे समजावून सांगण्याचा प्रयोग झाला. १९८६ साली त्याचे निष्कर्ष आले: समजावणीने तंबाखू सोडणारे वाढले आणि नवे पांढरे चट्टे कमी झाले. डबी फोडण्याची सक्ती नव्हती, दंड नव्हता; घरी जाऊन धीराने बोलणे एवढेच होते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. मिश्रीची डबी मात्र कायद्यापेक्षा अशा बोलण्यानेच दूर होईल, असे आम्हांस वाटते.

हे काम करावयास काय शिकावे लागते? प्रथम मोजणे. मुलाच्या तोंडातील किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दात यांची बेरीज करतात. समजा, दोन शाळांतील बारा वर्षांच्या मुलांची सरासरी तीनच निघाली. पण पहिल्या शाळेत तिन्ही दात भरलेले आणि दुसरीत तिन्ही किडलेलेच. नुसती बेरीज पाहणारा दोन्ही शाळा सारख्या म्हणेल. वस्तुतः कीड दोहींकडे सारखी असली, तरी दंतवैद्य फक्त पहिलीपर्यंत पोचला आहे. याखेरीज रोगप्रसाराचे शास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्यशिक्षण, लोकांच्या सवयींचा अभ्यास आणि कायदा हे विषय असतात.

शिक्षणाचा रस्ता लांब आहे. नीट परीक्षा देऊन बीडीएस, त्यात एक वर्षाची आंतरवासिता, आणि पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन याच विषयात तीन वर्षांचे एमडीएस. दुसरी वाट म्हणजे बीडीएसनंतर दोन वर्षांचे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ते घेता येते.

मग पोटाचे काय? दंतमहाविद्यालयात अध्यापक होता येते. २०१४-१५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम, शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि तंबाखू नियंत्रण कार्यक्रम यांत दंतवैद्यांना कामे मिळतात. संशोधनसंस्था आहेत, सेवाभावी संस्था आहेत. परंतु मुलामुलींना भुलविणे आम्हांस मान्य नाही. सरकारी जागा थोड्या आहेत, पुष्कळ नेमणुका कराराच्या आहेत, आणि चांगला चाललेला दवाखाना याहून अधिक पैसा देतो. पैशासाठीच शिकावयाचे असेल तर हा रस्ता नव्हे. ज्याला आकड्यांची आवड आहे, खेड्यात पायी हिंडण्याचा कंटाळा नाही आणि आजीबाईंशी मिश्रीवरून न चिडता बोलता येते, त्याने मात्र अवश्य यावे.

दवाखान्यातील वैद्याला बरे झालेला रोगी भेटून धन्यवाद देतो. या अभ्यासकाला ते भाग्य नाही. कारण ज्याचा दात किडलाच नाही, त्याला आपण कोणामुळे वाचलो हे कधी कळत नाही. असे निनावी काम करावयास कोणाची मुलगी निघाली, तर तिला ती म्हण ऐकवू नये, एवढीच आमची वाचकांस विनंती. आणि घरी गेल्यावर माजघरातील ती डबी अजून आहे की काय, तेही एकदा पाहावे.